प्रश्न आपले: मार्बल कटर, हातमोजे आणि तीस मिलिअँपिअर

घरच्या घरी पुस्तकांचे कपाट कसे करावे, याविषयी या सदरात काही महिन्यांपूर्वी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे कपाटाविषयी नसून ते करताना झालेल्या किंवा थोडक्यात टळलेल्या अपघातांविषयी आहेत. ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची पत्रे त्यांत विशेष आहेत, आणि त्याचे कारण उघड आहे. इथल्या बहुतेकांची ‘कार्यशाळा’ म्हणजे बाल्कनीचा कोपरा, सिडकोच्या रो-हाउसची पडवी किंवा सोसायटीने नाइलाजाने चालवून घेतलेली जिन्याखालची जागा असते. जागा लहान, वायरिंग जुने, पावसाळा चार महिन्यांचा आणि यंत्रे मात्र कारखान्यातल्या वेगाची, असा हा मेळ आहे. यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

ऐरोली येथील वाचक लिहितात: आमच्या रो-हाउसच्या मागील पडवीत मी हौसेने सुतारकाम करतो. घरी कामाला आलेल्या सुताराचे पाहून मी मार्बल कटर घेतला आणि त्याला लाकडाचे दातेरी पाते बसवले. रेघ नीट दिसत नाही म्हणून गार्ड, म्हणजे पात्यावरचे संरक्षक कवच, काढून ठेवला होता. गेल्या महिन्यात १८ मिलिमीटरचे प्लायवूड दोन स्टुलांवर ठेवून कापत असताना यंत्र एकाएकी उसळून मागे आले आणि विजार फाडून मांडीला चाटून गेले. टाके पडले नाहीत, पण तेव्हापासून यंत्र हातात घेण्याचे धैर्य होत नाही. सुतार तर रोज हेच करतो. माझे नेमके काय चुकले?

उत्तर: आपल्या हातून तीन चुका एकाच वेळी झाल्या आहेत. त्यांतली कोणतीही एक टळली असती, तरी हे पत्र लिहिण्याची वेळ बहुधा आली नसती.

पहिली चूक यंत्राच्या निवडीतली आहे. मार्बल कटर हे यंत्र फरशी आणि दगड कापण्यासाठी घडवलेले आहे. त्याच्या मूळ पात्याला दाते नसतात, कडेला हिऱ्याची कणी असते आणि ती दगड कापत नाही, तर घासत जाते. त्यामुळे ते पाते अडकले तरी पकड घेत नाही. दातेरी पात्याचा स्वभाव नेमका उलट आहे; प्रत्येक दाता लाकडात रुततो. ११० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला १३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेवरील दाता सेकंदाला सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगाने जात असतो. लाकडासाठी घडवलेल्या सात इंची सर्क्युलर सॉचे फेरे याच्या निम्म्याहून कमी, साधारण पाच हजारांच्या आसपास असतात. शिवाय त्याला स्प्रिंगवरचे खालचे कवच असते, जे यंत्र उचलताक्षणी पात्यावर आपोआप झाकले जाते. त्याचा तळही रुंद असतो आणि बोट सुटले की बंद होणारा खटका असतो. अनेक मार्बल कटरांचे बटण एकदा सारले की तिथेच राहते. यंत्र हातातून निसटले तरी पाते फिरतच असते.

दुसरी चूक आधाराची आहे, आणि आपला अपघात प्रत्यक्षात तिनेच घडवला असावा, असे मला वाटते. प्लायवूड दोन टोकांना टेकवून मधोमध कापू लागलो, की कापत जाऊ तसतसे ते मध्यभागी खाली झोल खाते आणि कापलेली फट वरच्या अंगाने मिटू लागते. तिच्यात पाते चिमटले जाते. पात्याचा लाकडातला भाग पुढच्या दिशेने धावत असतो. तो अडला की सगळा जोर उलटून यंत्राला मागे, म्हणजे कापणाऱ्याच्या अंगावर ढकलतो. याला किकबॅक म्हणतात. तो इतक्या झटक्यात होतो की ‘मी सावध राहीन’ या निश्चयाचा काही उपयोग नसतो, कारण डोळ्याने पाहून हात हलण्याच्या आतच सारे होऊन गेलेले असते. म्हणून सावधपणा यंत्र सुरू करण्यापूर्वी दाखवायचा असतो. जमिनीवर थर्माकोलची जाड तक्ती अंथरावी आणि प्लायवूड पूर्णपणे तिच्यावर निजवावे, म्हणजे कापल्यानंतरही दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. पाते प्लायवूडच्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटरच खाली उतरेल, असे लावावे. सरळ पट्टी दोन क्लॅम्पनी आवळून तिच्या कडेने यंत्र चालवावे, पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावावे, काप लांब असल्यास मागे राहिलेल्या फटीत लहानशी पाचर घालावी आणि पाते फिरत असताना यंत्र फटीतून मागे ओढू नये. स्वतः पात्याच्या रेषेत उभे न राहता तिच्या बाजूला उभे राहावे. आपण तसे असतात, तर यंत्र मांडीशेजारून गेले असते.

तिसरी चूक गार्ड काढण्याची. तिच्याविषयी अधिक लिहीत नाही, कारण ती आपल्यालाही ठाऊक आहे. रेघ दिसत नसेल, तर तळपट्टीच्या कडेपासून पात्यापर्यंतचे अंतर एकदा मोजून घ्यावे आणि आधाराची पट्टी तेवढी सरकवून लावावी, म्हणजे रेघेकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

राहिला सुतार. तो रोज हेच करतो हे खरे आहे, आणि ज्या सुतारांच्या हाताला पाचांपेक्षा कमी बोटे आहेत, तेही रोज हेच करत होते. त्याला दिवसाला ठरलेले काम उरकायचे असते, दुसरे यंत्र घेणे त्याला परवडत नाही, आणि हाताला वीस वर्षांची सवय असते. आपल्याला घाई नाही, हीच हौशी माणसाची खरी श्रीमंती आहे. सर्क्युलर सॉ घेणे शक्य नसेल, तर मापे लिहून न्यावीत आणि प्लायवूड दुकानातूनच कापून आणावे. मोठ्या टेबलावर कापून देणारी दुकाने आपल्या भागात आहेत. घरी मग जिगसॉ (बारीक, वरखाली हलणाऱ्या पात्याची विजेवरची करवत) आणि हातकरवतीवर भागते. अँगल ग्राइंडरला (लोखंड घासण्या-कापण्याच्या हातयंत्राला) लाकडाचे पाते लावण्याचा विचार मात्र कोणी कधीही करू नये. मार्बल कटरला निदान टेकायला तळ असतो, ग्राइंडरला तोही नसतो.

नौपाडा, ठाणे येथील वाचक विचारतात: आमची इमारत १९७०च्या दशकातली आहे. वायरिंग काही भागांत बदलले आहे, मीटरजवळ एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारे खटके) बसवले आहेत. माझ्या ड्रिलला आणि सँडरला (लाकूड घासण्याच्या यंत्राला) दोनच पिना आहेत, अर्थिंगची तिसरी पिन नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. एमसीबी असताना आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा खटका) बसवण्याची खरोखर गरज आहे, की हा इलेक्ट्रिशियनचा विक्रीचा आग्रह आहे?

उत्तर: आग्रह असला तरी या एका बाबतीत तो मानावा. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला किंवा शॉर्टसर्किट झाले तर पडते. घामेजलेल्या हाताने ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध १,००० ओम धरला, तर २३० व्होल्टना त्याच्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. हा प्रवाह हृदयाची लय बिघडवायला पुरेसा आहे, आणि एमसीबीच्या लेखी तो एखाद्या पंख्याहून कमी भार आहे. ती हलणारसुद्धा नाही.

आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते. फरक पडला, म्हणजे काही प्रवाह अन्य वाटेने, कदाचित माणसाच्या अंगातून, जमिनीत गेला. ३० मिलिअँपिअर क्षमतेची आरसीसीबी एवढ्या गळतीला ०.३ सेकंदाच्या आत आणि त्याच्या पाचपट गळतीला ०.०४ सेकंदाच्या आत वीज तोडते. विकत घेताना ‘३० मिलिअँपिअर’ हे शब्द पाहूनच घ्यावी. १०० आणि ३०० मिलिअँपिअरच्याही मिळतात, पण त्या आगीपासून बचावासाठी असतात. तिच्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही, हे पाहावे. तिच्या मर्यादाही लक्षात असाव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्या माणसाला ती ओळखू शकत नाही, आणि जादा भारापासून तार वाचवणे हे तिचे काम नव्हे. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हव्यात.

जुन्या इमारतींत एक गंमत हमखास दिसते. आरसीसीबी बसवली जाते, जूनमध्ये भिंती ओलावल्या की ती वारंवार पडू लागते, आणि मग कोणीतरी तारा परस्पर जोडून तिला बाजूला टाकते. ती पडत होती याचा अर्थ भिंतीत खरोखरच गळती होती. अशा वेळी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एकेक शाखा तपासून घेणे हाच उपाय आहे. संपूर्ण घराचे काम आत्ता शक्य नसेल, तर निदान यंत्रे चालवण्याच्या एका सॉकेटपुरती तरी ती बसवावी.

दोन पिनांची चिंता करू नये. यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर ते दुहेरी आवरणाचे यंत्र आहे आणि त्याला अर्थिंगची पिन मुळातच नसते. चिंता करावी ती एक्स्टेन्शन बोर्डाची. १,२०० वॅटचे यंत्र पाच अँपिअरहून अधिक प्रवाह घेते, सुरू होतानाच्या क्षणी तर त्याच्या कितीतरी पट. टीव्हीसाठी आणलेला बारीक तारेचा बोर्ड त्याला पुरत नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६ अँपिअरचे सॉकेट वापरावे, आणि गुंडाळीवरची तार पूर्ण सोडूनच यंत्र चालवावे, कारण गुंडाळलेल्या तारेची उष्णता आतच साठते आणि आवरण वितळते. पिन नसलेल्या उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचून आगकाडीने घट्ट करण्याची पद्धत आजही पाहायला मिळते. तिच्याविषयी सभ्य शब्दांत लिहिणे कठीण आहे.

वीज गेली असताना काय करावे, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. बटण चालू स्थितीत अडकलेले यंत्र टेबलावर ठेवून आपण खिडकीतून शेजारच्या इमारतीची वीज आहे का ते पाहायला जातो, आणि वीज येताच ते यंत्र टेबलावरून धावू लागते. वीज गेली की सर्वांत आधी पिन काढावी.

कोपरखैरणे येथील वाचक विचारतात: माझी पत्नी हातमोजे घातल्याशिवाय मला ड्रिलला हात लावू देत नाही. मला ते अडचणीचे वाटतात. बरोबर कोण?

उत्तर: या वेळी आपण. काळजी त्यांची योग्य आहे, उपाय मात्र उलटा आहे. फिरते टोक असलेल्या यंत्राजवळ, म्हणजे ड्रिल, राउटर (लाकडात खाचा पाडणारे यंत्र), टेबल सॉ यांच्याजवळ, हातमोजे घालू नयेत. उघड्या बोटाला बिट, म्हणजे ड्रिलचे फिरते टोक, लागला तर कातडी सोलते; मोज्याचा धागा बिटात गुंतला तर मोजा बोटासकट ओढला जातो.

उमेदवारीच्या काळात वागळे इस्टेटमधील एका टूलरूममध्ये मी स्वतः हे अनुभवले आहे. उभ्या ड्रिलवर पोलादाच्या पट्टीला भोके पाडत होतो, आणि कीस बोटाला टोचतो म्हणून सुती मोजे चढवले होते. कीस बाजूला करायला हात नेला, त्याचा लांब वेढा मोज्यात अडकला आणि पुढच्या क्षणी मोजा बिटाभोवती गुंडाळलेला होता. मोजा सैल होता म्हणून हात सुटला. अनामिकेचे नख मात्र त्यात गेले. वस्तादांनी मला एक शब्दही ऐकवला नाही. त्यांनी तो मोजा त्याच यंत्राच्या खिळ्याला टांगून ठेवला आणि मी तिथे होतो तोवर तो तिथेच होता.

मोजे कुठे घालावेत, तर पत्रे आणि प्लायवूड उचलताना, आणि पिन काढल्यावर पाते बदलताना. ग्राइंडरवर हाताला घट्ट बसणारे चामड्याचे मोजे चालतात. याच न्यायाने सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली लांब साखळी किंवा मंगळसूत्र, ओळखपत्राची दोरी, अंगठी आणि घड्याळ ही ड्रिलसमोर उभे राहण्यापूर्वी काढावीत किंवा खोचून घ्यावीत, आणि लांब केस बांधावेत.

हाताचा खरा बचाव मोज्याने नव्हे, क्लॅम्पने होतो. पत्र्याचा तुकडा हातात धरून भोक पाडू नये, कारण बिट आरपार निघताना कड पकडतो आणि तो तुकडा पंख्याच्या पात्यासारखा फिरू लागतो.

कळवा येथील वाचक लिहितात: मी घरच्या खिडक्यांच्या जाळ्या आणि लहानसहान लोखंडी काम चार इंची ग्राइंडरवर करतो. मोठी नळी कापण्यासाठी सात इंची डिस्क वायसर घालून बसवली, तर चालेल का? माझ्याकडे पोटमाळ्यावर जुन्या डिस्कही पुष्कळ आहेत. डोळ्यांना नंबरचा चष्मा असतोच.

उत्तर: तिन्ही गोष्टींना माझे उत्तर नाही असेच आहे, आणि पहिलीला सर्वांत ठामपणे.

कापण्याच्या साधारण डिस्कवर सेकंदाला ८० मीटर ही कडेच्या वेगाची मर्यादा छापलेली असते. फेऱ्यांत सांगायचे, तर चार इंची डिस्कला मिनिटाला सुमारे १५,३०० आणि सात इंची डिस्कला सुमारे ८,५०० फेरे चालतात. आपला ग्राइंडर ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. म्हणजे चार इंची डिस्क त्यावर निर्धास्त आहे, आणि सात इंची डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. डिस्क म्हणजे राळेने बांधलेले वाळूसारखे कण आणि त्यांत काचतंतूंची जाळी. तिच्या सहनशक्तीच्या पलीकडे वेग गेला, की ती फुटते आणि तिचे तुकडे त्याच वेगाने बाहेर पडतात. दोन डिस्कच्या मधल्या भोकांचे व्यास वेगवेगळे ठेवलेले असतात. चार इंचीचे १६ आणि सात इंचीचे सुमारे २२ मिलिमीटर. ही अडचण चुकून राहिलेली नाही. आपण वायसर घालून ती दूर करणार, गार्डमध्ये मावत नाही म्हणून गार्ड काढणार, आणि मग त्या डिस्कच्या समोर आपला चेहरा असणार.

पोटमाळ्यावरच्या डिस्कविषयी: मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेले असते, ती मुदत आहे. राळेच्या डिस्कची मुदत बनवल्यापासून तीन वर्षे धरतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या पडलेल्या डिस्कच्या बाबतीत मी तेवढाही भरवसा धरणार नाही. कडेला टवका उडालेली, ओल लागलेली किंवा जमिनीवर पडलेली डिस्क टाकून द्यावी. नवी डिस्क बसवल्यावर ती स्वतःपासून दूर धरून मिनिटभर मोकळी फिरवावी आणि मगच लोखंडाला लावावी. कापायच्या डिस्कच्या सपाट अंगाने घासण्याचे काम करू नये, कारण आडवा दाब सोसण्यासाठी ती बनलेली नसते.

नंबरचा चष्मा बाजूंनी उघडा असतो आणि ठिणग्या बाजूंनीच येतात. ‘आयएस ५९८३’ असे भारतीय मानक लिहिलेला, कडा झाकणारा गॉगल चष्म्यावरूनही बसतो. ग्राइंडरसाठी त्यावर पारदर्शक फेस शील्डही घ्यावे. नुसते फेस शील्ड पुरत नाही, खालून कण आत जातात. लोखंडाचा कण डोळ्यात गेलाच, तर चोळू नये आणि रुमालाच्या टोकाने काढण्याचा उद्योग करू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बुबुळावर रुतलेला कण थोड्याच काळात गंजतो आणि त्याचे कडे मागे राहते, ते काढणे कणापेक्षा अवघड असते.

खारघर येथील वाचक भगिनी लिहितात: मी एमडीएफ (लाकडाच्या लगद्याची दाबून केलेली फळी) आणि जुन्या लाकडापासून लहान फर्निचर करून विकते. काम बंद बाल्कनीत चालते. तोंडाला सुती ओढणी बांधते आणि पंखा लावते. आता घरात आठ महिन्यांचे बाळ आहे. सध्या सासूबाईंच्या माहेरचा जुना दरवाजा घासून रंगवायला घेतला आहे. धुळीची कितपत काळजी करावी?

उत्तर: ताई, दरवाजाचे काम आजच थांबवा, बाकीचे नंतर वाचा.

भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः कित्येक दशकांपूर्वीच्या तैलरंगात शिसे भरपूर असू शकते. सँडरने तो रंग घासला की शिसे पिठासारखे बारीक होऊन घरभर बसते. रांगणारे बाळ जमिनीवरचे हात तोंडात घालते, आणि शिशाचा परिणाम त्या वयात मेंदूच्या वाढीवर होतो. तो दरवाजा घरात घासू नये, आणि रंग उडवण्यासाठी हीट गनने जाळूही नये. रंग न काढता वरून नवा थर देणे किंवा घराबाहेर नेऊन ओल्या पद्धतीने रंग काढून घेणे, हे दोन मार्ग आहेत. आतापर्यंत पडलेली धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून काढावी आणि फडके टाकून द्यावे. बाळाच्या रक्तातील शिशाची तपासणी करावी का, हे बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे.

आता लाकडाची धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या गटात घातली. दगड-फरशीतील सिलिकाची धूळ १९९७ मध्ये त्याच गटात गेली. जमिनीवर दिसतो तो भुसा तितकासा घातक नाही, तो नाकातच अडतो. डोळ्याला न दिसणारी, काम थांबल्यावरही तासन्‌तास हवेत तरंगणारी धूळ फुप्फुसांत उतरते. एमडीएफमध्ये लाकडाच्या लगद्यासोबत फॉर्मल्डिहाइडयुक्त गोंद असतो, म्हणून त्याची धूळ अधिक वाईट.

ओढणी या धुळीला अडवत नाही. ‘आयएस ९४७३’ मानकाचा एफएफपी-२ किंवा एन-९५ मास्क नाकाच्या पट्टीशी नीट दाबून लावावा. छताचा पंखा धूळ फक्त फिरवतो. बाल्कनीच्या खिडकीत बाहेर तोंड करून टेबल फॅन ठेवावा आणि घराकडचे दार बंद करून खालची फट ओल्या फडक्याने बुजवावी. सँडरच्या धूळ बाहेर टाकणाऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लिनरची नळी जोडली तर बरीचशी धूळ हवेत जाण्याआधीच पकडली जाते. मात्र क्लिनरला बारीक फिल्टर हवा, नाहीतर एका तोंडाने घेतलेली धूळ तो दुसऱ्या तोंडाने खोलीत सोडतो. बाळाला घेण्यापूर्वी कपडे बदलावेत आणि केस झटकू नयेत, धुवावेत.

आणखी एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, पण फर्निचरला तेलपाणी करणाऱ्यांना सांगायलाच हवी. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात ठेवू नयेत. ते तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. घडीत ती उष्णता कोंडली की कोणी काडी न ओढताही फडके पेट घेते. फडकी दोरीवर एकेकटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

नेरूळ येथील वाचक लिहितात: माझे वय ६७ आहे. सोसायटीत दुपारी दोन ते चार आणि संध्याकाळी सातनंतर आवाज करायचा नाही, असा नियम आहे. म्हणून मी घरी कोणी नसताना सकाळी काम करतो. एकटा असताना बोटाला मोठी इजा झाली, तर काय करावे?

उत्तर: प्रश्न अशुभ समजून टाळला जातो, तो आपण विचारलात. सोसायटीच्या नियमाविषयी एवढेच म्हणतो, की दोनला दहा मिनिटे उरलेली असताना ‘एवढा एक काप उरकून घेऊ’ असे मनात आले, की तो काप दुसऱ्या दिवसावर टाकावा. कानांत प्लगही घालावेत. करवतीच्या यंत्राजवळ आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबल आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलना निम्मा वेळ, या हिशेबाने उघड्या कानांना दिवसाला पंधरा मिनिटेच मिळतात.

इजा झाली, तर प्रथम यंत्र बंद करून स्वच्छ कापडाने जखमेवर सरळ, घट्ट दाब द्यावा, हात हृदयाच्या वर उचलावा आणि दर मिनिटाला कापड काढून पाहू नये. सूज येण्यापूर्वी त्या हातातील अंगठी काढावी. हळद, कॉफीची पूड किंवा अन्य काही जखमेत भरू नये. शल्यविशारदांना ते आधी धुऊन काढावे लागते. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागेल, म्हणून चहासुद्धा पिऊ नये.

बोटाचा तुकडा वेगळा झाला असेल, तर तो शोधून सोबत न्यावा. तो धुण्यात वेळ घालवू नये. स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुकडा बर्फाला किंवा पाण्याला थेट लागता कामा नये, कारण गोठलेली ऊती पुन्हा जोडता येत नाही. नीट थंड ठेवलेले बोट बारा तासांनंतरही जोडता येण्याची शक्यता असते, पण प्रत्येक तासाला ती घटते. म्हणून आपल्या परिसरातील कोणत्या रुग्णालयात हाताची सूक्ष्मशस्त्रक्रिया चोवीस तास होते, हे आजच दूरध्वनी करून विचारावे आणि तो क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा. जवळच्या दवाखान्यात आधी आणि तिथून पुढे, अशा फेऱ्यांत महत्त्वाचे तास जातात.

शेवटी एकट्या माणसासाठी दोन तयाऱ्या. यंत्र सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगावे आणि मुख्य दाराची आतली कडी काढून ठेवावी. मदतीला आलेला माणूस बाहेर दार ठोठावत राहू नये. दुसरी तयारी फोनची. रक्ताने माखलेले बोट फोनचा पडदा ओळखत नाही. १०८ आणि एका शेजाऱ्याचा क्रमांक नुसत्या आवाजाने लागेल, अशी व्यवस्था नातवाकडून करून घ्यावी आणि एकदा त्याच्यासमोर शेजाऱ्यांना फोन लावून पाहावा.